'काढून टाका' म्हणताना

ताई सर्जनच्या खोलीत शिरली ती वाक्य पाठ करूनच. खुर्चीत धड टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, आधी हे काढून टाका. बाकीचं मग बघू." बोलताना तिचा उजवा हात डाव्या छातीवर गेला होता. महिनाभर तो हात तिथेच असायचा, झोपेतसुद्धा.

मॅडमच्या समोर पेट स्कॅन होता, आजार शरीरात कुठेकुठे आहे ते दाखवणारा. डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ, काखेतले दोन ठिपके, आणि मणक्यात व कमरेच्या हाडात आजार पोचल्याच्या, चमकणाऱ्या चार-पाच जागा. स्कॅनकडे न बघता, ताईकडे बघून त्या म्हणाल्या, "आत्ता नाही काढायचं."

पुढची वीस मिनिटं त्यांनी खूप नीट समजावलं. पण ताईच्या कानावर त्या तीन शब्दांच्या पलीकडचं काही पडलं नसावं. बाहेर आल्यावर भाऊजी पाणी आणायला गेले, तेवढ्यात तिने मला हळूच विचारलं, "म्हणजे काढण्याच्या लायकीचंही राहिलं नाही का माझं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मलाही तसंच वाटलं होतं. ऑपरेशन करतात ते वाचण्यासारखे असतात म्हणून, आणि ऑपरेशन नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हे समीकरण आमच्या दोघींच्याही डोक्यात कुणीही न शिकवता पक्कं बसलेलं होतं. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मधल्या काळात त्याच मॅडमनी ताईचा तोच स्तन काढला, आणि तेव्हा "नको" म्हणणारी ताई होती. हे असं उलटं कसं झालं, आणि त्यात माझी चूक किती होती, ते मला लिहून ठेवायचं आहे.

आपल्या भाषेत आजार जातो कसा, याचा मी त्या दिवसांत फार विचार केला. आपण त्याला मुळासकट उपटतो, समूळ नष्ट करतो, निपटून काढतो. काटा रुतला तर काढायचा, दात किडला तर उपटायचा, तण माजलं तर खणायचं. शरीरात हाताला लागणारी एक टणक गोष्ट आहे आणि तीच सगळ्याचं मूळ आहे हे एकदा कळलं, की ती तिथे राहू देणं हा वेडेपणाच वाटतो. एका मावशीचा फोन यायचा, "अजून काढलं नाही? डॉक्टर बदला." दुसरी सांगायची, "सुरी लावू देऊ नका, लोखंड लागलं की पसरतं." दोघींचा जीव ताईसाठी तुटत होता. दोघींच्या बोलण्यात गाठ हाच शत्रूचा वाडा होता. वाडा पाडावा की त्याला डिवचू नये, एवढाच काय तो मतभेद.

मॅडमनी दुसऱ्या भेटीत हाच धागा पकडला. म्हणाल्या, "झाड दिसतंय म्हणून तुम्ही झाडाकडे बघताय. मी बियांकडे बघतेय. त्या आधीच वाऱ्यावर गेल्या आहेत आणि काही रुजल्या आहेत. मी झाड तोडलं तर त्यांना कळणारही नाही. औषध मात्र झाडालाही पोचतं आणि त्यांनाही." मग थोडं थांबून, "आणि झाड तोडायच्या नादात औषध सहा आठवडे लांबलं, तर ते मला परवडणार नाही."

ताई गप्प राहिली. मी घरी येऊन वाचत बसले.

वाचायला लागल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते असं, की 'मूळ काढा' ही आमच्या घरचीच खुळी समजूत नव्हती. वैद्यकशास्त्राने ती जवळजवळ शंभर वर्षं उराशी धरली होती. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी, म्हणजे लसिका ग्रंथी, निघायच्या. कर्करोग एका जागेपासून पायरीपायरीने बाहेर सरकतो, तेव्हा जितकं रुंद कापू तितके त्याच्या पुढे राहू, हा त्यामागचा विचार. तीन पिढ्यांतल्या बायकांनी त्या विचाराची किंमत खांद्याच्या वर न उचलणाऱ्या हातांनी मोजली. बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७१ साली सुरू केलेल्या चाचणीत ही मोठी शस्त्रक्रिया साध्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये निष्कर्ष आला, की जास्त कापल्याने जास्त बायका जगल्या नाहीत. रक्तातून पेशी कधी निघून जातात याला कापण्याच्या रुंदीचं सोयरसुतक नसतं.

त्याच वर्षी, २००२ मध्ये, एक वेगळा लेख आला होता. तो मी तीनदा वाचला, कारण त्यात मला हवं तेच लिहिलेलं होतं. डॉ. सीमा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदवहीतून अशा १६,०२३ स्त्रियांची माहिती तपासली, ज्यांना निदान झालं तेव्हाच कर्करोग इतर अवयवांत पोचलेला होता. म्हणजे ताईसारख्याच. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं होतं. आणि ज्यांची गाठ पूर्ण निघाली, त्या जास्त जगल्या होत्या.

रात्रीचे दोन वाजले असतील. मी ताईला उठवणार होते. मॅडम चुकताहेत, पुरावा आहे, असं सांगणार होते. दारापर्यंत गेलेही होते.

उठवलं नाही ते बरं झालं. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की ऑपरेशन कुणाचं करायचं हे त्या नोंदवहीतल्या स्त्रियांच्या बाबतीत चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. डॉक्टर कुणाला निवडतील? जिची तब्येत बरी आहे, जिच्या अंगात आजार कमी पसरलाय, जी भूल सोसू शकेल, जी औषधाला चांगली दाद देऊन ऑपरेशनपर्यंत टिकली, तिला. अशी स्त्री ऑपरेशनशिवायही जास्तच जगली असती. ऑपरेशनने ती जगली, की जगणार होती म्हणून तिचं ऑपरेशन झालं, हे त्या नोंदवहीला सांगता येत नव्हतं.

यानंतर जे घडलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याच निष्कर्षावर हा प्रश्न उभा आहे हे ओळखून सीमा खान यांनी पुढे रीतसर चाचणी चालवली. सगळ्यांना आधी चार ते आठ महिने औषधं दिली. आजार वाढला नाही अशा २५६ स्त्रियांमध्ये चिठ्ठीने ठरलं, की कुणाचं ऑपरेशन आणि रेडिएशन करायचं आणि कुणाला फक्त औषधांवर ठेवायचं. २०२० मध्ये निकाल जाहीर झाला. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ६८.४ आणि ६७.९ टक्के. ज्या बाईंच्या लेखाने जगभरच्या सर्जनांना आशा दिली होती, त्यांनीच ती आशा तपासून, खरी नाही असं सांगितलं. मी त्या रात्री दारातून परत फिरले होते ते निव्वळ दमले होते म्हणून. त्यांनी ते काम अठरा वर्षं नेटाने केलं.

त्यांच्या आधी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांवर अशीच चाचणी केली होती. तिचा निकाल २०१५ मध्ये आला, आणि त्यातही ऑपरेशनने आयुष्य लांबलं नव्हतं. तुर्कस्तानातल्या एका चाचणीचा सूर वेगळा होता. तिथे सुरुवातीलाच ऑपरेशन केलेल्या गटातल्या ४१.६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या २४.४ टक्के. पण त्या ऑपरेशनवाल्या गटात मुळातच संथ प्रकृतीचा आजार असलेल्या आणि हाडात एकाच ठिकाणी डाग असलेल्या जास्त जणी आल्या होत्या. तरी खरं सांगते, तो ४१.६ चा आकडा माझ्या मनातून जायला फार दिवस लागले. ताईचा आजारही हाडांतच होता ना.

असे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट होते, तिची कुणी आधी सूचना देत नाही. आपण शोधत असतो ऑपरेशनचा फायदा, आणि बाजूच्या रकान्यात दिसतो एकूण आयुष्याचा आकडा. टाटाच्या चाचणीत तो दोन्ही गटांत वीस महिन्यांच्या आसपास होता. मी लॅपटॉप मिटला आणि अंधारात बसून राहिले. पुढे मॅडमनी सांगितलं, की त्या स्त्रियांचा आजार, त्यांची औषधं, तो काळ हे सगळं वेगळं. सीमा खान यांच्या चाचणीत हाच आकडा चार वर्षांच्या पुढे आहे. शिवाय तो मधला आकडा असतो, निम्म्या जणी त्याच्याही पुढे गेलेल्या असतात. हे सगळं पटतं. तरीही आपल्या माणसाचं नाव मनात घेऊन तो रकाना वाचू नये, किमान रात्री तरी वाचू नये.

'ॲडव्हान्स्ड', म्हणजे पुढे गेलेला आजार, हा शब्द फार घोळ घालतो. आमच्या शेजारी वेटिंगमध्ये बसणारी एक मुलगी होती, ताईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिच्याही कागदावर हाच शब्द होता. तिची गाठ मोठी होती, काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या, पण बाकी शरीरात काही नव्हतं. म्हणजे तिसरी स्टेज. ताईची चौथी. तिला आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असा पूर्ण मार्ग आखून दिला होता, आजार घालवण्याच्याच उद्देशाने. केमोने तिची गाठ इतकी विरघळली, की ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये जेमतेम काही उरलं होतं. ती मला म्हणाली, "आता कशाला रेडिएशन? उगाच भाजून घ्यायचं." तिने ते टाळायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

तिच्यासारख्यांसाठी उत्तर नेमकं उलटं आहे. डेन्मार्कमधल्या ज्या चाचणीचा निकाल १९९७ मध्ये आला, तिच्यात पाळी चालू असलेल्या, आजार पुन्हा उलटण्याचा धोका जास्त असलेल्या १,७०८ स्त्रिया होत्या. सगळ्यांचा स्तन काढलेला आणि सगळ्यांना केमो. ज्यांना वर रेडिएशनही मिळालं, त्यांच्यापैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यापैकी ४५ टक्के. छातीवर किंवा काखेत आजार परतण्याचं प्रमाण तर ३२ टक्क्यांवरून ९ वर आलं. हे आकडे मी तिला सांगितले नाहीत, तो माझा अधिकार नव्हता. "डॉक्टरांना हाच प्रश्न याच शब्दांत विचार," एवढंच म्हणाले. तिने विचारला, आणि रेडिएशन घेतलं. एकाच बाकावर बसलेल्या दोघी, दोघींच्या कागदावर एकच शब्द. एकीला सगळं करून घ्यायचं होतं, दुसरीला थांबायचं होतं.

ताईच्या गाठीत हार्मोनला दाद देणाऱ्या पेशी निघाल्या. म्हणून केमो नाही, तर हार्मोन रोखणारी गोळी रोज, आणि तिच्या जोडीला पेशींची विभागणी थांबवणारी दुसरी गोळी, तीन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा सुट्टी. हाडांसाठी इंजेक्शन होतं. ते सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन दात तपासून घ्यायला लावले, कारण त्या इंजेक्शनवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड बरं होत नाही असं क्वचित घडतं. ताईला याचा फार राग आला. "छाती काढत नाहीत आणि दात बघतात!"

आमच्या विचारातही नसलेलं रेडिएशन मात्र सगळ्यात आधी आलं. तिच्या कमरेचं दुखणं आम्ही सगळे विसरून गेलो होतो, कारण आमचं सगळं लक्ष छातीवर. ती रात्री कूस बदलताना श्वास रोखायची. मणक्यातल्या एका डागाला एकदाच, ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एक डोस द्यायचा असं ठरलं. मी धसकलेच. इतरांना वीस-पंचवीस दिवस देतात आणि हिला एकच दिवस, म्हणजे हिच्यावर वेळ घालवायचा नाही की काय? पुन्हा तेच समीकरण. रेडिएशनच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "दुखणं थांबवायला एक डोसही अनेक डोसांइतकाच चालतो, असं चाचण्यांतून दिसलंय. फरक एवढाच, की एक डोस दिला तर पुढे त्याच जागी पुन्हा द्यायची वेळ जास्त वेळा येते. ती आली तर देऊ. पण दोन आठवडे रोज तुम्हाला टेबलावर चढवून-उतरवून मी तुमचं कंबरडं कशाला मोडू?" पहिले तीन दिवस दुखणं वाढलं, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ताई एका सकाळी उठून बसली आणि तशीच बसून राहिली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही. उठले ते कळलंच नाही."

त्यानंतरचे चौदा महिने बरे गेले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच त्यांचं सुख होतं. गाठ निम्म्याने आटली. ताईचा हात छातीवरून उतरला.

पंधराव्या महिन्यात तिला अंघोळ करताना कातडी वेगळी लागली. आधी लालसर, मग चकाकणारी, ताणलेली. पुढच्या स्कॅनमध्ये हाडं शांत होती, यकृत आणि फुप्फुस स्वच्छ होते, पण स्तनातली गाठ पुन्हा वाढली होती आणि कातडीच्या आतल्या बाजूला येऊन टेकली होती. पुन्हा बायोप्सी केली. आजार वर्षा-दीड वर्षात आपला स्वभाव बदलू शकतो, तेव्हा जुन्या रिपोर्टवर पुढची औषधं ठरवू नयेत म्हणून. स्वभाव बदलला नव्हता. गोळ्या बाकी सगळीकडे काम करत होत्या. फक्त तिथे करत नव्हत्या.

आणि मॅडम म्हणाल्या, "आता काढू या."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पण त्याचा उपयोग नसतो ना? हिनं वाचलंय सगळं. दीड वर्ष मला हेच सांगतेय."

हीच माझी चूक. मी तिला तेव्हा सांगितलं होतं ते असं: "ताई, अभ्यास झालेत, या स्टेजला ऑपरेशनचा उपयोग नसतो." किती सुटसुटीत वाक्य होतं! तिचं मन वळावं, तिने स्वतःला टाकून दिलेलं समजू नये, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा म्हटलं. त्या वाक्याचं पहिलं अर्धं मी गाळलं होतं. आयुष्य वाढवायला उपयोग नसतो, असं त्या अभ्यासांत होतं. ज्या चाचणीत ६८.४ आणि ६७.९ होते, तिच्यातच आणखी दोन आकडे होते. छातीवर किंवा काखेत आजार पुन्हा वाढण्याचं प्रमाण तीन वर्षांत फक्त औषधं घेणाऱ्यांत ३९.८ टक्के, ऑपरेशन झालेल्यांत १६.३ टक्के. हे मी वाचलं होतं. तेव्हा ते मला बिनमहत्त्वाचं वाटलं होतं. मला फक्त वर्षं मोजायची होती.

मॅडमनी त्या दिवशी जे शब्द वापरले ते सौम्य नव्हते, आणि असायलाही नको होते. गाठ कातडी फोडून बाहेर आली तर जखम होते, ती भरत नाही. पाझरते, रक्त येतं, वास येतो. त्या वासामुळे माणसं खोलीबाहेर पडायची थांबतात, नातवंडांना जवळ घ्यायची थांबतात. एकदा जखम पसरली की ती बंद करायला कातडी पुरत नाही. "आज मला नीट टाके घालता येतील एवढी चांगली कातडी आहे. तीन महिन्यांनी असेलच असं नाही. मी तुम्हाला वर्षं देत नाहीये. ती गोळ्या देताहेत. मी तुम्हाला एक जखम टाळून देतेय."

भाऊजींचा विरोध होता. गोळ्यांनी सगळं आटोक्यात असताना ऑपरेशनसाठी त्या काही आठवडे थांबवायच्या, याची त्यांना धास्ती होती, आणि ती अगदी चुकीची नव्हती. शिवाय भूल, रक्त, टाके. शिवाय त्यांच्या मनातलं, जे ते बोलले नाहीत पण डोळ्यांत दिसत होतं: आता ती बरी आहे, तिला कशाला हात लावता. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. त्या दोन दिवसांत मी ताईला दोन्ही आकडे सांगितले, आणि आधीचे अर्धे का सांगितले होते तेही. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अगं, तेव्हा मला अर्धंच झेपलं असतं." मग बराच वेळ गप्प. "वास नको यायला. बाकी काहीही चालेल."

ठरलं ते असं. पूर्ण स्तन काढायचा, पण काखेतल्या गाठी शांत होत्या म्हणून त्यांना हात लावायचा नाही. काख साफ केली की हाताला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो. काख साफ करून वर रेडिएशन दिलं तर आणखीच. जिथे आजार घालवणं हाच उद्देश असतो तिथे तो धोका पत्करतात. इथे उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी नीट जगणं हाच उद्देश होता.

ऑपरेशन दीड तासाचं झालं. छातीतून निघालेली नळी आणि तिला लावलेली बाटली घेऊन ताई दुसऱ्या दिवशी चालू लागली. रोज किती मिलिलिटर पाणी आलं ते वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. ते कमी होत गेलं तसं घर हलकं झालं. पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिने मला आरसा मागितला. मी तयारी करून आले होते, धीर द्यायची वाक्यं मनात जुळवून. तिने पाहिलं, बोटाने टाक्यांच्या रेषेच्या बाजूची कातडी दाबून पाहिली, आणि म्हणाली, "सपाट आहे. कोरडं आहे." मग ती रडली. ते दुःखाचं रडणं होतं की सुटकेचं, हे मी विचारलं नाही. बहुधा दोन्हींचं असावं, आणि तिला त्यातलं एक निवडायला लावणं बरोबर नव्हतं.

छातीवर रेडिएशन घ्यायचं की नाही हा शेवटचा प्रश्न होता, आणि तो पहिल्या दोन्हींपेक्षा अवघड. कातडीच्या बाजूला गाठ अगदी कडेपर्यंत होती, म्हणून तिथे परत यायची शक्यता जास्त. पण बाजू डावी होती, खाली हृदय. ब्रिटिश संशोधक सारा डार्बी यांच्या गटाचा २०१३ चा अभ्यास आहे, की हृदयाला सरासरी मिळणाऱ्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या त्रासाचा धोका, मुळात जेवढा असेल त्याच्या, साधारण ७.४ टक्क्यांनी वाढतो. रेडिएशनच्या डॉक्टरांना मी तो दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी दीर्घ श्वास रोखण्याची पद्धत समजावली. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं. तेवढे काही सेकंद धरून किरण द्यायचे. आणि एकूण दिवस पंधरा, तीन आठवड्यांत ४० ग्रे. पूर्वी हेच पाच आठवडे चालायचं. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं, की तीन आठवड्यांचा उपचार तितकाच चालतो.

ताईने घरी श्वासाचा सराव केला. मी घड्याळ धरायचे. पहिल्या दिवशी अकरा सेकंद, मग सतरा, मग बावीस. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायामही त्याच वेळी, कारण हात डोक्यावर गेल्याशिवाय टेबलावर झोपताच येत नाही. छातीवर तीन बारीक कायमचे ठिपके गोंदले. त्वचा शेवटच्या आठवड्यात तांबडी झाली आणि उपचार संपल्यानंतरच्या आठवड्यात सगळ्यात जास्त सोलली. 'संपलं' म्हणून निःश्वास टाकावा तेव्हाच ती सर्वांत वाईट दिसते, हे आधी सांगितलेलं नसतं तर आम्ही घाबरलो असतो. थकवा मात्र सांगितल्यापेक्षा जास्त आला. जिना चढताना ती मध्ये बसायची. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

गेल्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये छाती स्वच्छ आहे. कमरेच्या हाडात, जुन्या जागेपासून थोडं खाली, एक नवा डाग दिसतोय. तिथे चालताना दुखतंही. औषध बदलायचं ठरतंय, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी तिथे उपचार सुचवला.

ताईने पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि विचारलं, "हे दुखण्यासाठी, की हाड मोडू नये म्हणून, की आणखी कशासाठी?"

"दुखण्यासाठी," डॉक्टर म्हणाले. "हाडाचा एक्स-रे बघितलाय, मोडण्याइतकं पोखरलेलं नाही."

"एकच दिवस?"

"एकच."

"मग द्या." आणि माझ्याकडे वळून, "उद्या किती वाजता निघायचं ते बघ."